शुगर-बीपी आणि मधले एकोणतीस दिवस

माझं औषधाचं दुकान सोलापूरच्या पूर्व भागात आहे. इकडे यंत्रमागांची खटखट पाळीप्रमाणे चालू-बंद होते आणि उंबऱ्याशी बसून, मांडीवर सूप घेऊन बायका विड्या वळत असतात. दुकानात सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू कुठली विचाराल, तर कात्री. दहा गोळ्यांची स्ट्रिप काउंटरवर ठेवली की समोरून येतं, "अण्णा, चारच दे."

चार म्हणजे बीपीच्या चार दिवसांच्या. पाचव्या दिवसाचं काय असं विचारलं तर, "मजुरी आली की बघू." मग मी कात्री चालवतो. औषधाचं नाव अर्धं त्यांच्या तुकड्यावर, अर्धं माझ्या. मुदतीची तारीख बहुतेक वेळा माझ्याकडेच राहते. घरी तो तुकडा पत्र्याच्या डब्यात बाकीच्या तुकड्यांत जाऊन पडतो आणि शुगरची कुठली, बीपीची कुठली हे रंगावरून ठरतं. कंपनी बदलली की रंगही बदलतो. पुढचं तुम्हीच समजा.

अशा चार-चार गोळ्या नेणारी आमच्या गल्लीतली एक अक्का आहे. घरी तेलुगू बोलते, माझ्याशी मराठी, आणि भांडायचं असलं की दोन्ही. या लेखात ती मधून मधून येईल.

शुगर आणि बीपी या आजारांत डॉक्टरांचा वाटा महिन्यातल्या एका दिवसाचा, त्यातही गर्दीच्या ओपीडीत दोन-तीन मिनिटांचा. बाकीचे एकोणतीस दिवस आजार माणसाच्या घरी मुक्कामाला असतो. आमच्या भागात बऱ्याच घरांतले ते दिवस आशाताई, म्हणजे वस्तीतलीच आरोग्य स्वयंसेविका, सांभाळते. ती नेमकं काय करते आणि त्याने फरक का पडतो, हे कळायला आधी आजार कळायला हवा.

रस्त्यावर खोळंबलेल्या गाड्या

हैदराबाद रोडवरची आपली बाजार समिती डोळ्यांपुढे आणा. हिवाळ्यात कांद्याची आवक वाढली की काय होतं, हे सोलापूरकराला सांगायला नको. आपण खाल्लेली भाकरी, भात, चहातली साखर, सगळ्याचं शेवटी ग्लुकोज होतं आणि ते रक्तात उतरतं. हे ग्लुकोज म्हणजे कांद्याच्या गाड्या समजा. माल उतरवायचा तो शरीरातल्या पेशींच्या गाळ्यांत. आणि शटर ठोठावून गाळा उघडायला लावणारा, माल आत टाकणारा हमाल म्हणजे इन्सुलिन.

मोठ्या वयात होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात, म्हणजे टाइप टूमध्ये, सुरुवातीला हमाल भरपूर असतात, गाळेवालेच शटर उघडत नाहीत. पोटाचा घेर वाढला, काम बसून राहण्याचं असलं, घराण्यात शुगर असली की पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. शरीर मग आणखी हमाल पाठवतं. असं काही वर्षं भागतं. पुढे हमाल पुरवणारं स्वादुपिंडच थकतं आणि गाड्यांची रांग रस्त्यावर येते. त्यात यकृतही आपल्या साठ्यातला जुना माल काढून रस्त्यावर पाठवत राहतं. मेटफॉर्मिन ही गोळी मुख्यतः यकृताकडून येणारा हा माल आवरते आणि शटरं थोडी सैल करते. म्हणून बहुतेकांच्या चिठ्ठीत पहिली तीच असते.

रांग लागली की रस्त्याची वाट लागते. जास्त साखरेचं रक्त वर्षानुवर्षं फिरत राहिलं की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. डोळ्याचा पडदा, किडनी आणि पावलं हे सगळ्यात आधी सोसतात.

बीपी समजायला आपल्याकडे नळ आहेत. सोलापूरला पाण्याचा दिवस चार-पाच दिवसांनी उजाडायचा, ही वर्षानुवर्षांची सवय. त्या दिवशी पाणी सुटलं की जुन्या लाइनचा जोड कुठे कच्चा आहे ते कळतं, तिथेच फुटतं. रक्ताचा दाबही धमन्यांच्या भिंतींवर असाच असतो. हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा, दोन ठोक्यांच्या मध्ये ते सैल पडतं तेव्हाचा खालचा. दवाखान्यात दोन वेगवेगळ्या वेळी मोजून वरचा १४० किंवा खालचा ९० आणि त्याच्या पुढे भरला, तर बीपी आहे असं धरतात. फरक एवढाच की रस्त्यावरची लाइन फुटली तर गल्लीभर बोंब होते. मेंदूतली फुटली किंवा तुंबली की तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, आणि तोपर्यंत माणसाला काही कळलेलंच नसतं.

शुगरचे आकडे असे: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, साखर पाजून केलेल्या तपासणीत दोन तासांनी २०० किंवा जास्त. आणि तिसरी तपासणी, जिला लोक तीन महिन्यांची शुगर म्हणतात, ती ६.५ किंवा जास्त. तिची गंमत सांगण्यासारखी आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि साखर त्यांना चिकटत जाते. त्यामुळे तपासणीच्या आधी दोन दिवस गोड सोडून उपाशीपोटीचा आकडा खाली आणता येतो, पण या तपासणीला तसं फसवता येत नाही. ती मागच्या तीन महिन्यांचा पुरा हिशेब काढते. उपचार सुरू झाल्यावर बहुतेकांसाठी हा आकडा ७ च्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. फार वयस्कर माणसाला डॉक्टर थोडी सूट देतात.

किती लोकांचा प्रश्न आहे हा? आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह, आणखी १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर, आणि प्रौढांपैकी जवळपास ३५ टक्क्यांना बीपी.

दुखत नाही, हीच अडचण

दाढ दुखली तर माणूस रात्री अकराला माझं शटर वाजवतो. बीपी १७० असताना मात्र तो लग्नात वाढप करत असतो. काही दुखत नाही म्हणून गोळी नको वाटते, आणि गोळीने बरं वाटलंय असंही कधी जाणवत नाही. वर रोज खायची, जन्मभर खायची. आमची अक्का गोळी कधी घ्यायची? तर "डोकं जड झालं की." आठवड्यातून दोनदा. म्हणजे चार गोळ्या तिला पंधरा दिवस पुरायच्या, आणि मी समजत होतो ती कुठून तरी आणखी आणत असेल.

हे मला कळलं आशाताईकडून. आशा ही योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आली, शहरांसाठीचं अभियान २०१३ साली. गावात साधारण हजार लोकवस्तीमागे एक. शहरातल्या वस्तीत एका आशाकडे दोनशे ते पाचशे घरं. ती त्याच वस्तीतली असते, ही यातली खरी किल्ली. सुरुवातीला बाळंतपण आणि लसीकरण हेच तिचं मुख्य काम होतं. पुढे शुगर-बीपीची मोहीम आली आणि पिशवीत आणखी एक वही वाढली.

मी एकदा दुकान भाच्यावर सोडून आमच्या आशाताईबरोबर सकाळभर फिरलो. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म असतो, सीबॅक म्हणतात त्याला. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत आणि घरात कोणाला शुगर-बीपी आहे का, यांना गुण. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला आधी तपासायचं. कमरेचा घेर बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाचा ९० च्या वर गेला की गुण वाढायला लागतात. कागदावर हे सोपं दिसतं. पण पुरुष मंडळी घरात बसलेली असताना बाईच्या कमरेला टेप लावायची, किंवा सासूसमोर सुनेला मशेरी लावतेस का विचारायचं, ही कारकुनी नव्हे. आमची ताई मशेरीचा प्रश्न दारातून निघताना, चप्पल घालता घालता विचारते. बहुतेक खरं उत्तर तेव्हाच मिळतं.

फॉर्म भरला म्हणजे रोग ठरला नाही. तपासणी करते आरोग्य केंद्रातली सिस्टर, निदान आणि औषध डॉक्टर ठरवतात. आशाताई गोळी ठरवत नाही, वाढवत नाही, बंद करत नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण "आशाताईला विचारून गोळी सोडली" असं म्हणणारे मला भेटलेत आणि प्रत्येक वेळी ते खोटं निघालंय.

तिचं खरं काम निदानानंतर सुरू होतं. गोळ्या महिन्याच्या मिळतात. महिन्याने माणूस परत आला नाही तर त्याच्या दारात जायचं. का आला नाही? आमच्याकडे याची उत्तरं वैद्यकीय पुस्तकात सापडायची नाहीत. पाण्याचा दिवस होता. विड्या घालायचा दिवस होता, आणि वेळेत नेऊन दिल्या नाहीत तर मजुरी बुडते. नवऱ्याची रात्रपाळी. केंद्रात गेले होते, पण लाइन मोठी, सुपात हजारभर विड्यांचं काम पडलेलं. म्हणून आमच्या ताईच्या वहीत प्रत्येक गल्लीपुढे बारीक अक्षरात पाण्याचा दिवस लिहिलेला आहे. तपासणीचं शिबिर ठेवायचं तर ती आधी तो बघते. हा रकाना कुठल्या सरकारी नमुन्यात नाही.

घरातल्या गोष्टी

अक्काच्या घरी ती गेली तेव्हा मी सोबत होतो. ताईने आधी काही विचारलंच नाही. शेंगा निवडत बसली. मग म्हणाली, "अक्का, गोळ्यांचा डबा दाखव की." डब्यात माझ्याच कात्रीचे सात-आठ तुकडे निघाले. त्यात बीपीच्या गोळ्यांपेक्षा जास्त होत्या पाठदुखीच्या.

इथे जरा थांबतो, कारण ही आमच्या धंद्याची बाब आहे. दिवसभर वाकून विड्या वळल्या की पाठ आणि मान धरते. बायका दुकानात येतात, "दुखायची दे" म्हणतात आणि दुकानदार देतो. मीही दिलेली आहे. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या रोज खाल्ल्या तर बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो, त्यात आधीच शुगर असलेल्याच्या जास्त. आणि लोक वर्षानुवर्षं म्हणत राहतात की शुगर-बीपीच्या गोळ्यांनी किडनी जाते. न आवरलेली शुगर, न आवरलेलं बीपी आणि या दुखण्याच्या गोळ्या किडनी घालवतात, आणि आळ येतो तो बिचाऱ्या मेटफॉर्मिनवर. किडनी आधीच अधू असेल तर काही औषधांचं प्रमाण डॉक्टरांना कमी करावं लागतं, ते वेगळं. त्या दिवशी घराबाहेर आल्यावर ताई मला एवढंच म्हणाली, "दादा, तुम्ही शिकलेले आहात." मी गप्प बसलो.

गोळी सोडण्याचं आणखी एक कारण दवाखान्यात कुणी सांगत नाही. मेटफॉर्मिनने सुरुवातीला काहींना पोट बिघडल्यासारखं होतं, वारंवार जावं लागतं. चाळीत संडास सामायिक असेल तर बाई काय करेल? गोळी सोडेल, आणि डॉक्टरांना सांगेल "घेते की रोज". बीपीच्या अॅम्लोडिपिन या गोळीने काहींच्या पायांवर सूज येते. दोन्हींवर उपाय आहेत: जेवणाबरोबर घेणं, कमी प्रमाणापासून सुरुवात, औषध बदलणं. पण तक्रार डॉक्टरांच्या कानावर गेली तरच. ती बाई ताईला सांगते, ताई सिस्टरला, सिस्टर डॉक्टरांना. एवढ्या साध्या साखळीने कितीतरी गोळ्या चालू राहतात.

भाषेचंही तसंच. आमच्याकडे एका गल्लीत तेलुगू, दुसरीत कन्नड, तिसरीत उर्दू. कन्नडमध्ये गोळीला मात्रे म्हणतात, तेलुगूत मात्र. आपली वैद्यांची मात्रा तीच. मीठ दोन्हीकडे उप्पु. ताईला तेलुगू मोडकंतोडकंच येतं, पण "उप्पु" म्हणून तिने चिमूट उघडून दाखवली की मुद्दा पोचतो.

मिठाचा मुद्दा सोलापुरात जरा नाजूक आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एक सपाट चमचा, दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. आपल्याकडे तेवढं शेंगाचटणी, लोणचं आणि पापडातच संपायचं. शेंगाचटणी सोड म्हणणाऱ्या माणसाचं सोलापुरात कोण ऐकणार? ताई सोड म्हणत नाही. चटणी कुटताना मीठ निम्मं घाल आणि भातावर वरून घेऊ नको, एवढंच. "आम्ही सैंधव खातो" म्हणणाऱ्यांना सांगायचं की सैंधवही मुख्यतः सोडियमच. बीपीला त्याचं कौतुक नाही.

ज्वारीचंही एक मिथक आहे. भाकरी खाणाऱ्याला शुगर होत नाही म्हणे. ज्वारीत तंतू आहेत, पॉलिशच्या तांदळापेक्षा ती बरी, हे खरं. पण भाकरीही शेवटी पिठाचीच, तीन खाल्ल्या तर तीन भाकरींच्या गाड्या बाजार समितीकडे निघणारच. आणि दुसरी बाजू अशी की रेशनवर मुख्यतः तांदूळ-गहू मिळतो, ज्वारी बहुधा विकत घ्यावी लागते. मंगळवेढ्याची मालदांडी खा असं सांगणं सोपं. ताईचा सल्ला ताटाच्या हिशेबाचा असतो: भात एक वाटी कमी, त्या जागी डाळ किंवा उसळ, आणि पालेभाजी वाढवायची.

उपास हा तर स्वतंत्र विषय. एकादशीला, नवरात्रात बायका कडक उपास करतात, रमजानमध्ये रोजे असतात. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची काही औषधं किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामं ठेवलं की साखर घसरते. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. ७० च्या खाली आकडा म्हणजे धोक्याचा. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, सावरलं की थोडं खायला द्यायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना. आणि उपास किंवा रोजे सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्यायच्या. उपास मोडायला साबुदाण्याची खिचडी भरपेट हाणली की साखर उलटी उसळते, हेही सांगून ठेवतो.

पावलांचं मात्र मी सविस्तर सांगणार, कारण एक प्रसंग विसरत नाही. शुगर जुनी झाली की पावलांची जाणीव बोथट होते. एप्रिलमध्ये इथे पारा ४२ च्या पुढे जातो. एक गृहस्थ दुपारी अनवाणी देवळाच्या फरशीवरून प्रदक्षिणा घालून आले. तळव्यांना फोड आले ते संध्याकाळी बायकोने पाहिले. त्यांना काही कळलंच नव्हतं. म्हणून ताई घरात गेली की आधी पाय बघते. तळवा, बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून बघायचं, किंवा नातवंडाला कामाला लावायचं. अनवाणी जाऊ नये, घरातही. ज्यांना वारीला चालत जायचंय त्यांनी नवी चप्पल त्याच आठवड्यात घालू नये.

उन्हाळ्याचं आणखी एक. इन्सुलिनची वापरात असलेली कुपी साधारण महिनाभर खोलीच्या तापमानाला चालते, पण ती खोली मे महिन्यातली पत्र्याची असेल तर नाही. फ्रीज नसेल तर कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून लहान मडक्यात ठेवायची, ते मडकं पाणी घातलेल्या मोठ्या मडक्यात. पाणी झिरपून वाळत राहतं आणि आत गारवा राहतो. बर्फात किंवा फ्रीजरमध्ये मात्र नको, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

आकडा खरा यायला

मोजण्यात चूक झाली तर सगळंच चुकतं. चालत येऊन लगेच मोजलेलं, बोलता बोलता मोजलेलं, लघवी दाबून धरून मोजलेलं, पायावर पाय टाकून मोजलेलं बीपी जास्तच येतं. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पावलं जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मशेरी नको. एकदा मोजून थोड्या वेळाने पुन्हा.

शुगरची पट्टी आणखी लबाड. डाळिंब सोलून आलेल्या एका बाईचा आकडा तीनशेच्या वर आला होता. ताईने साबणाने हात धुवायला लावले, पुसून कोरडे केले आणि पुन्हा टोचलं. १४८. बोटाला लागलेला डाळिंबाचा रस मशीनने मोजला होता. आमच्या जिल्ह्यात डाळिंबाचं अप्रूप नाही, त्यामुळे ही चूक इथे वारंवार होते.

हे चालतं का?

वस्तीतल्या बाईने डॉक्टरकी नाही तर राखणदारी करायची, ही कल्पना आपल्या शेजारचीच आहे. करमाळ्याच्या पलीकडे जामखेड. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्याचं काम उभं केलं. पुढे जगभरातून लोक ते बघायला आले आणि १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

शुगर-बीपीसाठीही ही रीत तपासून झालेली आहे. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ३० समूहांत २,६४५ बीपीच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली आले. आरोग्यसेविका दर तीन महिन्यांनी घरी जाऊन बीपी मोजायच्या, समजावायच्या, गरज लागली तर डॉक्टरांकडे पाठवायच्या. दोन वर्षांनी त्यांच्या भागातला वरचा आकडा इतर भागांपेक्षा सुमारे ५ ने जास्त उतरला होता. पाच म्हणजे किरकोळ वाटेल, पण हजारो लोकांचा दाब एवढा उतरला की लकव्याचे आणि हार्ट अटॅकचे कितीतरी प्रसंग टळतात. चीनमध्ये गावातल्या डॉक्टरांवर, म्हणजे थोडक्या प्रशिक्षणाच्या स्थानिक वैद्यांवर, हे काम सोपवलं तेव्हा दीड वर्षात बीपी ताब्यात असलेल्यांचं प्रमाण ५७ टक्के झालं; नेहमीच्या पद्धतीत ते २० टक्क्यांच्या आसपास होतं. चीनचं नाव निघालं की सोलापूरकराला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतातच. आपल्या गावचा माणूस १९३८ साली तिकडे शुश्रूषेला गेला. आता तिकडचा धडा इकडे आला असं म्हणायला हरकत नाही.

आपल्या देशातही २०१७ पासून बीपीसाठी अशीच मोहीम चालू आहे. तिची सूत्रं ऐकायला साधी: ठरलेली मोजकी औषधं ठरलेल्या क्रमाने, पूर्ण महिन्याच्या गोळ्या एकदम हातात, काम डॉक्टर-सिस्टर-आशा अशा सगळ्यांत वाटलेलं, औषध घराजवळ, आणि न आलेल्या रुग्णाची नोंद. मला विचाराल तर यातलं शेवटचं सगळ्यात मोलाचं. आलेल्याला औषध कोणीही देईल. न आलेला कोण, हे माहीत असणं अवघड.

पण हे फुकटात होतं असं समजू नका. ताईकडे बाळंतपणं आहेत, लसीकरण आहे, क्षयरोग आहे, सर्वेक्षणं आहेत. मोबाइलवरची माहिती वेगळी, वहीतली वेगळी, दोन्ही भरायच्या. शुगर-बीपीच्या एका रुग्णाच्या सहा महिन्यांच्या पाठपुराव्याला केंद्र सरकारच्या यादीत ५० रुपये आहेत. महिन्याचा हिशेब करा: आठ रुपये आणि काही पैसे. माझ्या काउंटरवर तेवढ्यात अर्धी स्ट्रिपही येत नाही. महाराष्ट्रातल्या आशांनी त्यासाठी संप केले, आंदोलनं केली; २०२४ साली राज्याने मानधनात दरमहा ५ हजारांची वाढ मंजूर केली. आणि तिने माणसाला समजावून केंद्रात पाठवावं, तिथे त्या दिवशी गोळ्याच संपलेल्या असाव्यात, असंही होतं. मग पुढच्या वेळी तो माणूस तिचं ऐकत नाही. बदनाम ती होते. हा अन्याय मला तरी मानधनापेक्षा मोठा वाटतो.

तुमचं वय तीसच्या वर असेल तर जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात बीपी आणि शुगर फुकट मोजून मिळते. जाताना पाण्याचा दिवस सोडून जा. आधीपासून गोळ्या चालू असतील तर डब्यातले सगळे तुकडे, दुखण्याच्या गोळ्यांसकट, पिशवीत घालून न्या.

अक्का परवा दुकानात आली. मी सवयीने कात्री उचलली. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कार्ड काढून काउंटरवर आपटलं. १३४, ८२. गेल्या खेपेचा आकडा शेजारीच होता, १६८. केंद्रातून महिन्याच्या गोळ्या मिळतात तिला, अख्ख्या स्ट्रिप.

"मग काय देऊ?"

"नातीला वही दे, आणि पेन," ती म्हणाली. "गोळ्याचं तुझं गिऱ्हाईक गेलं बघ, अण्णा."